सर्व्हर डाऊन आहे, उद्या या! : टेक्नॉलॉजीच्या जोकमधून धंद्याचे पाच धडे



मागच्या आठवड्याच्या व्हिडिओखाली आपल्याच ऊर्जानगरच्या एका ताईने प्रश्न विचारला होता. "सर, दोन वर्षं पैसे साठवले. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान टाकायचं आहे. पण घरचे म्हणून राहिले की आता एआय आलं, कोण येणार तुझ्या दुकानात? काय करू?"

प्रश्न गंभीर, पण त्याखाली उत्तरं काय आली? एकाने लिहिलं, "ताई, एआय येऊ द्या, आपल्याकडे सर्व्हर डाऊन असतो, ते पण रांगेत उभं राहील." दुसऱ्याने लिहिलं, "एआयला सांगा जातीचा दाखला काढून दे, ते पण संन्यास घेईल." एटापल्लीकडचा एक भाऊ म्हणतो, "सर, आमच्याकडे सर्व्हर डाऊन नसतो. आमच्याकडे टॉवरच नसतो."

मी खूप हसलो. मग लक्षात आलं, या जोकमध्येच ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

बघा, लोक जोक कशावर करतात? जिथे त्रास होतो त्याच्यावर. सासू, सरकारी ऑफिस, रस्त्यावरचे खड्डे आणि आता सॉफ्टवेअर. एकाच गोष्टीवर शंभर लोक हसून राहिले असतील, तर शंभर लोकांना तिथे काहीतरी टोचतं आहे. धंदा करणाऱ्याला एवढी माहिती फुकटात मिळते, मग ती सोडायची कशाला? म्हणून आज टेक्नॉलॉजीतले पाच प्रसिद्ध जोक घेऊ. जोकमागे खरं काय घडलं ते समजून घेऊ, आणि आपल्या छोट्या दुकानासाठी त्यातून काय घ्यायचं ते बघू. ताईला उत्तर शेवटी देतो.

जोक पहिला : "सर्व्हर डाऊन आहे"

महाराष्ट्रात हे वाक्य माहीत नसलेला माणूस शोधून दाखवा. शिष्यवृत्तीचा फॉर्म, भरतीचा अर्ज, सातबारा, पीक विमा, काहीही असो, शेवटच्या तारखेला हेच उत्तर मिळतं.

सर्व्हर म्हणजे दुसरीकडे ठेवलेला एक मोठा कॉम्प्युटर. आपण बटण दाबलं की आपली विनंती त्याच्याकडे जाते. एका वेळी किती विनंत्या झेपतील याला मर्यादा असते. आपल्याला ऊर्जानगरवाल्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. समोर आपलं औष्णिक केंद्र उभं आहे, २९२० मेगावॅटचं. मागणी क्षमतेच्या वर गेली तर भारनियमन होतं ना? तसंच. महिनाभर फॉर्म चालू असतो तेव्हा सर्व्हर निवांत बसलेला असतो, आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळा जिल्हा तुटून पडतो.

कधी कधी तर गर्दी माणसांचीही नसते. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडकलं होतं. आठवतं? चहावाल्याकडे लोक खिसे चाचपत उभे होते. नंतर जे कारण समोर आलं ते ऐकण्यासारखं आहे. काही बँकांच्या सिस्टिम "तो व्यवहार झाला का, झाला का" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि त्या विचारण्याच्याच भाराने यंत्रणा मंदावली. घरात लहान पोरगं "आलं का गाव, आलं का गाव" करून गाडी चालवणाऱ्याला बेजार करतं, तशातला प्रकार.

यातून दुकानदाराने काय घ्यायचं?

- शेवटच्या तारखेच्या गर्दीवर दुकान चालवू नका. फॉर्म सुटला त्याच दिवशी बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा : कोणता फॉर्म, कोणती कागदपत्रं, कोणती तारीख. जुन्या ग्राहकांना मेसेज टाका. "लवकर या, निवांत भरून देतो." यालाच सर्व्हिस म्हणतात.
- स्वतःच्या कामाचा दर ठरवताना पहिल्या आठवड्यात थोडी सवलत ठेवा. पण सरकारी दाखल्याची फी ठरलेली असते. तिथे एक रुपयासुद्धा जास्त घ्यायचा नाही. एकदा नाव खराब झालं की परत येत नाही.
- पेमेंट अडकलं आणि ग्राहकाने स्क्रीनशॉट दाखवला, तर स्क्रीनशॉटवर माल देऊ नका. आपल्या ॲपमध्ये जमा दिसलं पाहिजे. खोटे स्क्रीनशॉट बनवणारे लोक असतात, आणि यूपीआय बंद पडतं तो त्यांचा सणाचा दिवस असतो.
- गल्ल्यात पाचशे रुपयांची सुट्टी नाणी आणि नोटा असू द्या. साधी गोष्ट आहे, पण त्या शनिवारी ज्याच्याकडे सुट्टे होते त्याचाच धंदा चालला.

जोक दुसरा : "बंद करून चालू करून बघितलं का?"

हा जगातल्या सगळ्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांचा पहिला मंत्र. लोक हसतात, पण उपाय खरा आहे. कॉम्प्युटर तासन्‌तास चालला की त्याच्या मेमरीत अर्धवट कामं साचतात, एखादा प्रोग्राम मध्येच अडकून बसतो. बंद केलं की सगळं पुसलं जातं आणि तो कोऱ्या पाटीने सुरू होतो.

पण एक दिवस असा आला की हा मंत्रसुद्धा फेल गेला. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाची अमेरिकन सुरक्षा कंपनी आहे. तिने आपल्या सॉफ्टवेअरची एक छोटी अपडेट फाइल सोडली. फाइलमध्ये चूक होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. बंद करून चालू केले तर पुन्हा निळी स्क्रीन! कंपनीने सव्वा तासात चूक मागे घेतली, पण जे कॉम्प्युटर पडले होते त्यांच्यातल्या कितीतरी ठिकाणी माणसाने स्वतः जाऊन ती फाइल काढावी लागली. विमानं रखडली. आपल्या देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि त्याचे फोटो सगळीकडे फिरले. लोक म्हणाले, शेवटी बॉलपेनच कामी आला.

सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये एक जुनाच जोक आहे : शुक्रवारी अपडेट सोडू नये, नाहीतर शनिवार-रविवार ऑफिसात काढावा लागतो. त्या दिवशी तो जोक सगळ्या जगाने अनुभवला.

आता मला सांगा, आपल्या औष्णिक केंद्रात आज सात संच आहेत. ओव्हरहॉलिंगला सातही संच एकाच दिवशी बंद करतात का? नाही ना! एक घेतात, बाकीचे चालू ठेवतात. त्या दिवशी नेमकं हेच झालं नव्हतं. अपडेट सगळीकडे एकदमच गेली. नंतर कंपनीनेही ठरवलं की यापुढे टप्प्याटप्प्याने सोडायचं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका हॉलमध्ये चाळीसेक लोकांची बॅच होती. लॅपटॉप चालू केला आणि स्क्रीनवर आलं, "अपडेट सुरू आहे, बंद करू नका." तीन आठवडे मी "नंतर करा, नंतर करा" दाबत होतो, त्याने बरोबर माझा मुहूर्त पकडला. समोरचा एक मुलगा म्हणाला, "सर, यालाच वेळेचं नियोजन म्हणतात का?" सगळे हसले. मी खडू घेतला आणि फळ्यावर शिकवलं. चूक माझीच होती.

म्हणून तीन गोष्टी लिहून ठेवा :

- अपडेट टाळू नका, पण वेळ आपण निवडा. दुकान बंद झाल्यावर, गर्दी नसलेल्या दिवशी.
- दिवाळीच्या आठवड्यात किंवा ३१ मार्चच्या तोंडावर बिलाचं सॉफ्टवेअर बदलायचं नाही. दोन कॉम्प्युटर असतील तर आधी एकावर करा.
- एक छापील बिलबुक ड्रॉवरमध्ये कायम ठेवा.

जोक तिसरा : "माझ्या कॉम्प्युटरवर तर चालत होतं!"

हा प्रोग्रामर लोकांचा आवडता बचाव. ग्राहकाकडे चालत नाही, पण बनवणारा म्हणतो माझ्याकडे चालतं. मराठीत हा जोक आपण डीटीपीवाल्यांनी अनेक वर्षं जगला आहे.

लग्नपत्रिका बनवली. स्क्रीनवर छान दिसते. पेनड्राइव्ह घेऊन छापखान्यात गेले, फाइल उघडली, तर वधूच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस, स्वल्पविराम! नवरदेव कोण, मुहूर्त कधी, काही कळत नाही.

असं का होतं? जुने मराठी-हिंदी फॉन्ट एक युक्ती करायचे. कृतिदेवमध्ये स्क्रीनवर तुम्हाला "क" दिसतो, पण फाइलच्या आत इंग्रजी "डी" साठवलेलं असतं. फॉन्टने फक्त त्या अक्षराला "क"चा मुखवटा घातलेला असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे देवनागरीच्या "क"ला स्वतःचा क्रमांक आहे, सगळ्या जगात एकच. म्हणून आज मोबाइलवर लिहिलेला मराठी मेसेज पुण्यात, चंद्रपुरात आणि अमेरिकेत सारखाच दिसतो.

धंद्याचा मुद्दा असा की काम आपल्या कॉम्प्युटरवर झालं म्हणजे झालं नाही, ग्राहकाच्या हातात बरोबर पडलं की झालं. फाइल देताना पीडीएफ करून द्या आणि ती स्वतःच्या मोबाइलवर एकदा उघडून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि इथे एक संधीही आहे. शाळा, पतसंस्था, वकील, ग्रामपंचायती यांच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइली पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये करून, वाचून, चुका दुरुस्त करून देणं हे काम आहे. रूपांतर मशीन करतं, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. ते तपासायला मराठी येणारा माणूसच लागतो.

जोक चौथा : "फुकट आहे ना, मग घ्या!"

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. बातमी आली आणि जोक सुरू झाले ते टिकटॉकवर. "आता ही पोरं काय करणार, बिचारे बेरोजगार झाले," वगैरे. पण त्या यादीत शेअरइट होतं, झेंडर होतं, कॅमस्कॅनर होतं. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कागदपत्रं स्कॅन करायला कॅमस्कॅनर किती जण वापरत होते, आठवा. टिकटॉकवर हसणाऱ्या कितीतरी दुकानदारांचं स्वतःचंच अवजार त्या यादीत होतं.

नंतरही हे घडत राहिलं. "कू" नावाचं भारतीय ॲप आलं, मराठीतही लिहिता यायचं, मोठमोठे लोक त्यावर आले, आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १५ मार्चनंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या खात्यात नवे पैसे घेणं थांबलं. पेटीएमचं ॲप चालू राहिलं, पण ज्या दुकानदारांचा क्यूआर त्या बँकेच्या खात्याला जोडलेला होता त्यांना दुसऱ्या बँकेचं खातं जोडावं लागलं. "स्पीकर तोच, फक्त बँक बदलली," असं लोक गमतीने म्हणत होते. ज्याने वेळेत केलं त्याला गंमत वाटली, ज्याने उशीर केला त्याने दोन-चार दिवस डोक्याला हात लावला.

ॲप वाईट असतं असं मी म्हणून राहिलो नाही. मी स्वतः दहा फुकट ॲप वापरतो. पण भाड्याच्या घरात आपण भिंती पाडून कपाट बांधतो का? सामान असं ठेवतो की उद्या निघावं लागलं तर निघता येईल. तसंच इथे :

- ग्राहकांची नावं आणि नंबर एका वहीत किंवा साध्या एक्सेल फाइलमध्ये ठेवा. फक्त एका ॲपच्या आत नको.
- महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून बघा, नाहीतर आपण प्रत समजत असतो आणि आत काहीच नसतं.
- तुमचा सगळा धंदा एकाच इन्स्टाग्राम पेजवर असेल, तर दुकानाच्या बाहेर एक पत्र्याचा बोर्डही लावा.

जोक पाचवा : "एआय तुझी नोकरी खाणार"

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं. तेव्हापासून रोज एक बातमी : डॉक्टर संपणार, वकील संपणार, शिक्षक संपणार. आणि रोज एक जोक : एआयला विचारलं, भाजी कोणती करू, तर त्याने बायकोला विचारा म्हटलं.

हे मशीन काय करतं? प्रचंड मजकूर वाचून ते शिकतं की कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द यायची शक्यता जास्त आहे. त्यावरून ते अर्ज लिहितं, जाहिरात लिहितं, भाषांतर करतं, आणि बरंच चांगलं करतं. पण त्याला माहीत नसलं तरी ते त्याच आत्मविश्वासाने सांगतं. गावात असा एक काका असतोच, रस्ता माहीत नसला तरी हात करून दाखवतो. तसं.

याचा धोका आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक व्हिडिओ फिरला. सीसीटीव्हीसारखा दिसणारा. ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसाला वाघ उचलून नेतो, असा दावा. वनविभागाला सांगावं लागलं की असं काही घडलेलं नाही, व्हिडिओ एआयने बनवलेला आहे. बनवणाऱ्याला कदाचित गंमत वाटली असेल. पण ज्या जिल्ह्यात सरपणाला, मोहफुलाला गेलेली माणसं खरोखर वाघाच्या हल्ल्यात मरतात, जिथे संध्याकाळी पोराला ट्यूशनवरून यायला उशीर झाला की आईचा जीव वर-खाली होतो, तिथे हा जोक नाही. आणि धंद्याच्या दृष्टीने बघा : ताडोब्याच्या वाटेवर होमस्टे, खानावळ, जिप्सी चालवणाऱ्याचं बुकिंग अशा एका खोट्या व्हिडिओने अडू शकतं. म्हणून आपल्या ग्राहकांच्या ग्रुपवर काहीही फॉरवर्ड करायच्या आधी थांबा. दुकानदाराने पाठवलेला मेसेज लोक दुकानाच्या नावाने लक्षात ठेवतात.

आता एक जुनी गोष्ट. १९९० च्या सुमारास पुण्यात कैलाश काटकर नावाचा तरुण कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचा. शिक्षण दहावी. तेव्हाची बातमी होती, कॉम्प्युटर येणार. कॅल्क्युलेटर दुरुस्तीवाल्यासाठी ही आजच्या एआयसारखीच बातमी, नाही का? त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून घेतली. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये पुन्हा पुन्हा व्हायरस सापडायचे. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने ते काढायचा प्रोग्राम लिहिला. तेच पुढे क्विक हील झालं, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. त्यांना धंदा बातमीतून नाही, काउंटरवर रोज येणाऱ्या एकाच तक्रारीतून सापडला. प्रत्येक जण काटकर होईल असं मी म्हणत नाही. पण काउंटरवर कान उघडे ठेवणं प्रत्येकाला जमतं.

तर ताई, तुमचं उत्तर

फक्त टायपिंग आणि फक्त झेरॉक्स एवढ्यावर दुकान टाकत असाल, तर घरच्यांची भीती खोटी नाही. तेवढं काम आज मोबाइल करतो, आणि उद्या अजून स्वस्तात करेल. त्या हिशेबाने मोठं मशीन कर्ज काढून घेऊ नका.

पण लोक फॉर्मवाल्याकडे टायपिंगसाठी येतात का? आधार कार्डावर "सुनिता", टीसीवर "सुनीता". नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपत आली आहे. फोटो ठरलेल्या केबीत बसत नाही. अर्जात एक खूण चुकली तर पोराचं वर्ष जातं. माणूस तुमच्याकडे येतो कारण त्याला कोणीतरी पाहिजे जो म्हणेल, "मी बघितलं, बरोबर आहे, आणि काही अडलं तर मी इथेच बसलेली आहे." एआय अर्ज लिहून देईल, पण अर्ज बाद झाला तर त्याच्या दारात जाऊन विचारता येत नाही. तुमच्या दारात येता येतं. लोक पैसे त्या जबाबदारीचे देतात.

म्हणून माझा सल्ला : छोट्या जागेत, सेकंडहँड पण चांगल्या प्रिंटरने सुरू करा. साठवलेल्या पैशांतला निम्मा भाग सहा महिने हातात ठेवा. एआय वापरा, जाहिरातीचा मजकूर, पत्रं, भाषांतर यासाठी, आणि प्रत्येक ओळ स्वतः वाचा. मात्र ग्राहकाचं आधार, बँक पासबुक, दाखले कोणत्याही फुकट एआय ॲपमध्ये टाकू नका. काम झालं की दुकानाच्या कॉम्प्युटरवरून आणि व्हॉट्सॲपवरून ग्राहकासमोर डिलीट करा. ही एक सवय दुसऱ्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त ग्राहक आणेल.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात या आठवड्यात ऐकलेले टेक्नॉलॉजीचे पाच जोक किंवा बातम्या. दुसऱ्यात : हा त्रास माझ्या गल्लीत कोणाला होतो? तिसऱ्यात : सोमवारी सकाळी मी त्याबद्दल काय करू शकतो? तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती बातमी सोडून द्या, हसा आणि कामाला लागा.

तुमचे रकाने कमेंटमध्ये पाठवा, निवडक उत्तरांवर पुढचा व्हिडिओ करू. आणि ताई, दुकानाचं उद्घाटन ठरलं की कळवा. पहिली झेरॉक्स माझी. फक्त त्या दिवशी सर्व्हर डाऊन आहे म्हणू नका!